स्पोर्टचं बटण आणि जांबोटीचा रस्ता

मागच्या अंकात मी एक ओळ सहज टाकून दिली होती, की स्पोर्ट्स कारमधलं सस्पेन्शनचं बटण बरेच लोक उलटं वापरतात, खराब रस्त्यावर कडक आणि गुळगुळीत रस्त्यावर मऊ. झालं. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, सगळीकडनं पत्रं आली, एकदोघांनी तर भांडणच काढलं. म्हणून या वेळी क्लच आणि बॅटरीवाल्यांना बाजूला बसवलंय, त्यांनी रागावू नये, अख्खं पान या एका बटणाला.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): काका, गेल्या दिवाळीत सेकंड हँड जर्मन टू-सीटर घेतली. कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस असे तीन मोड आहेत. पोरगा म्हणतो स्पोर्ट्स गाडी घेऊन कम्फर्टमध्ये चालवायची म्हणजे कोल्हापूरला जाऊन मिसळ फिक्की द्या म्हणायचं. आम्ही गोव्याला चोर्ला घाटातनं जातो, तर जांबोटी सोडलं की स्पोर्टमध्ये दात वाजूलालेत, बायको म्हणती पुढच्या टायमाला मी बसनं येते. कम्फर्टला टाकली तर गाडी डुलल्यासारखी वाटती, मग मला भीती. खरं काय? आणि सतत स्पोर्टमध्ये चालवून गाडी खराब होती का?

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे. पोराला सांगा.

आता का ते सांगतो, जरा लांबेल. गाडीचं वजन पेलतं ते स्प्रिंग. डँपर, ज्याला आपण सगळे शॉकअप म्हणतो, तो वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. झोपाळ्यावर बसून एक झोका घेतला की तो हलतच राहतो ना, मग आपण पाय जमिनीला घासून थांबवतो, तो घासणारा पाय म्हणजे डँपर. तुमच्या गाडीतलं बटण एवढंच ठरवतं की पाय किती जोरात घासायचा. स्प्रिंग तीच राहते, टायर तोच राहतो, आणि खड्डा तर तोच असतो हे तुम्हाला माहीतच आहे. (एअर सस्पेन्शनवाल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथं उंची पण बदलते, त्या आत्ता सोडा.)

यातनं एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांना पटत नाही. लांब वळणावर गाडी एका बाजूला जेवढी कलते, तेवढीच ती स्पोर्टमध्ये पण कलते. किती कलायचं हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणं अडवणारी सळी) ठरवतात, डँपर फक्त किती लवकर कलायचं ते ठरवतो. स्टिअरिंग फिरवल्या फिरवल्या गाडी चटकन ‘बसते’ असं स्पोर्टमध्ये वाटतं ते यामुळं, आणि ते खरं आहे, खोटं नाही. डावं-उजवं, डावं-उजवं अशी लागोपाठ वळणं असली आणि रस्ता गुळगुळीत असला तर त्याचा फायदा पण होतो. पण रस्ता गुळगुळीत असला तर.

आता जांबोटीच्या पुढं चला. ताशी ६० नी जाताना अर्ध्या मीटरचा खड्डा तुम्ही सेकंदाच्या शंभर भागांतल्या तीन भागांत पार करता. तेवढ्यात चाकानं खाली उतरायचं आणि पलीकडच्या काठावर वर चढायचं. मऊ डँपर चाकाला म्हणतो जा बाबा, जाऊन ये. कडक डँपर म्हणतो जागचं हलायचं नाही. मग चाक हललं नाही तर हलणार कोण, गाडी हलते, सीट हलते, वहिनींचे दात हलतात. आणि खड्डा आला तेव्हा चाक खाली गेलंच नाही म्हणजे टायर क्षणभर हवेत किंवा नुसता टेकलेला, आणि टेकलेल्या टायरला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. पावसात तर बघायलाच नको. म्हणजे तुम्हाला वाटतं गाडी कडक आहे म्हणून रस्त्याला चिकटली, आणि प्रत्यक्षात ती रस्त्यावरनं टणटण उड्या मारूलालीय. ज्या पोराला हे पटत नाही त्याला सांगा, फेरारीच्या स्टिअरिंगवर एक बटण असतं, इंजिन-गिअरबॉक्स रेसच्या मोडवर ठेवून फक्त डँपर मऊ करायचं, त्याचं नावच ‘बंपी रोड’. त्यांचा चोर्ला इटलीत कुठंतरी असणार.

तुमची भीती म्हणजे डुलणं. गाडीची बॉडी सेकंदाला एक ते दोन वेळा या चालीनं हलते, आणि चाक स्वतः दहा ते पंधरा वेळा थरथरतं. डुलणं म्हणजे पहिली हालचाल, ती तुम्हाला दिसते, जाणवते, म्हणून भीती वाटते. पकड जाते ती दुसऱ्या हालचालीत, आणि ती डोळ्याला दिसत नाही. शिवाय तुमच्या गाडीत कम्फर्ट म्हणजे एक ठरलेला मऊपणा नाही. कॉम्प्युटर चाकाची उंची, बॉडीचे धक्के, स्टिअरिंग किती फिरवलं, ब्रेक किती दाबला हे सगळं वाचत असतो आणि तुम्ही एकदम स्टिअरिंग ओढलं तर कम्फर्टमध्ये असताना पण काही मिलिसेकंदात डँपर स्वतःहून कडक करतो. मोड म्हणजे फक्त त्याला दिलेली हद्द, या एवढ्यात खेळ म्हणून.

अजून एक फसवणूक सांगतो. स्पोर्ट दाबलं की एकटं सस्पेन्शन बदलत नाही, ॲक्सिलरेटर तिखट होतो, स्टिअरिंग जड होतं, सायलेन्सर गुरगुरायला लागतो. मी स्वतः एकदा आंबोलीच्या घाटात दोस्ताची अशी गाडी स्पोर्टमध्ये चालवली आणि खाली उतरल्यावर छाती फुगवून सांगितलं की काय पळाली. मागनं दुसरा दोस्त साध्या हॅचबॅकमध्ये येत होता, तो माझ्या मागोमाग येऊन थांबला, गार. नुसता आवाज होता तो.

म्हणून मेनूत इंडिव्हिज्युअल किंवा तत्सम काय नाव असेल ते शोधा, त्यात इंजिन आणि स्टिअरिंग तुम्हाला हवं तसं ठेवा आणि सस्पेन्शन एकटं कम्फर्टला टाकून सेव्ह करा. पोराला आवाज मिळेल, वहिनी बसनं जाणार नाहीत. गावातनं पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, सगळं याच्यात. घाटात नवीन डांबर पडलेलं असलं आणि कोरडं असलं तर स्पोर्ट करून बघा, मजा आहे त्यात, मी नाही म्हणत नाही. हायवेला शंभराच्या आसपास लांब लांब लाटा असलेला पट्टा आला आणि गाडी प्रत्येक लाटेनंतर एकदा जास्तीची वरखाली व्हायला लागली तरी स्पोर्ट बरं. स्पोर्ट प्लस मात्र ट्रॅकसाठी, ते आपल्याकडं शोरूममध्ये दाखवायला असतं.

गाडी खराब होते का म्हणाल तर डँपर स्वतः खराब होत नाही, पण जास्तीचा दणका बुश (सांध्यांतली रबरं), वरचं माउंटिंग, रिम यांच्या वाट्याला येतो आणि डॅशबोर्डमधनं एक दिवस कुटकुट सुरू होते. आणि एक करा, टायर बघा. पुढचे २५५/३५ आर १९ असतील तर टायरची भिंत जेमतेम ८९ मिलिमीटर. साध्या अल्टोच्या १४५/८० आर १२ ची ११६ भरते. म्हणजे लाखो रुपये देऊन तुम्ही अल्टोपेक्षा पातळ उशी घेतलीय, आणि ती जर पंक्चर झाल्यावर पण चालणारी रन-फ्लॅट असेल तर अजून टणक. त्यात पंपावरचा पोरगा विचारत पण नाही, चाळीस मारतो. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा बघा आणि सकाळी गार टायरला तेवढीच हवा भरा. टायर किती जुना तेही बघा, भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. असला वाळलेला टायर असला तर कुठलंही बटण दाबा, फरक पडणार नाही.

प्रश्न (उद्यमबाग): सर, मी हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कारखान्यात सीएनसीवर आहे. या इलेक्ट्रॉनिक डँपरच्या आत नक्की काय असतं? बटण दाबलं की ऑइल बदलतं असं एकजण सांगत होता, ते कसं शक्य आहे?

उत्तर: भावा, तुला समजावणं सगळ्यात सोपं, कारण तू दिवसभर तेच बनवतोयस. साध्या डँपरमध्ये पिस्टनला भोकं असतात आणि त्यांच्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या. पिस्टन हलला की तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं, ते भोक म्हणजे तुझं ओरिफिस आणि ती चकती म्हणजे दाब वाढला की उघडणारा तुझा रिलीफ व्हॉल्व्ह. यात सेटिंग कारखान्यात एकदा झालं की झालं. इलेक्ट्रॉनिकमध्ये तेलाला एक आणखी वाट दिलेली असते आणि तिच्या तोंडावर प्रपोर्शनल सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटच्या प्रमाणात उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह. करंट बदलला की आतला दांडा, म्हणजे स्पूल, सरकतो, वाट अरुंद नाहीतर रुंद. बस. मच्छेच्या कारखान्यांत पॉवरपॅकवर (तेल दाबानं सोडणाऱ्या पंपाच्या संचावर) बसतो त्याचाच हा लहान भाऊ, फक्त तो चिखलात, उन्हात आणि खड्ड्यात वर्षानुवर्षं काम करतो.

तो एकजण म्हणाला ते पण अगदी खोटं नाही. दुसरी जात आहे चुंबकी तेलाची. त्यात तेलात लोखंडाचे अतिबारीक कण मिसळलेले असतात आणि पिस्टनमध्येच कॉइल. करंट नाही तेव्हा तेल तेलासारखं पळतं. करंट सोडला की कण चुंबकाच्या ओढीनं साखळ्या करून उभे राहतात आणि तेल त्या जागेपुरतं लापशीसारखं घट्ट होतं. करंट काढला की परत पातळ. हलणारा व्हॉल्व्हच नाही, म्हणून हे फार वेगानं होतं, सेकंदाला हजार वेळापर्यंत. हे पहिल्यांदा गाडीत आलं २००२ साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये, लगेच पुढच्या सालच्या मॉडेलला कॉर्व्हेटमध्ये, मग ऑडीनं टीटी आणि आर-एटमध्ये घेतलं, फेरारीनं ५९९ मध्ये.

पण खरी गंमत व्हॉल्व्हमध्ये नाही, केव्हा घट्ट करायचं हे ठरवणाऱ्या हिशोबात आहे. अमेरिकेत कार्नॉप नावाचे इंजिनिअर आणि त्यांच्या जोडीदारांनी १९७४ साली एक कल्पना मांडली, स्कायहूक. समज गाडीची बॉडी वर आकाशाला एका डँपरनं टांगलीय. खाली चाकं रस्त्यावर काय वाट्टेल तो नाच करोत, बॉडी जागची हलणार नाही. आता आकाशाला खिळा कोण मारणार, म्हणून कॉम्प्युटर खालच्याच डँपरला क्षणाक्षणाला घट्ट-सैल करून ते नाटक वठवतो. डँपरमधला जोर ज्या क्षणी बॉडीच्या हालचालीला अडवणारा असेल त्या क्षणी घट्ट, आणि ज्या क्षणी तो जोर उलट बॉडीला आणखी ढकलणारा असेल त्या क्षणी एकदम सैल. हे एवढं सोडून त्याच्या हातात काही नाही, कारण डँपर फक्त खातो, देत नाही. आलेली ताकद तो तेलाच्या उष्णतेत घालवतो, स्वतः चाकाला ढकलू शकत नाही. म्हणून याला सेमी-ॲक्टिव्ह म्हणतात.

चाकाला स्वतः ढकलणारं सस्पेन्शन पण होतं, पंप आणि हायड्रॉलिक जॅक लावलेलं, फॉर्म्युला वनमध्ये. १९८७ ला मोनाकोची रेस आयर्टन सेनानं असल्याच लोटसमध्ये जिंकली आणि १९९२ ला विल्यम्सच्या गाडीनं नायजेल मॅन्सेल चॅम्पियन झाला. १९९४ पासून बंदी घातली. तुझ्या लाइनचा होता तो सगळा खेळ, सर्व्हो व्हॉल्व्हच व्हॉल्व्ह.

रस्त्यावरच्या गाड्यांत त्याच्या आधीच सुरुवात झाली होती, टोयोटानं १९८३ च्या सोअररमध्ये इलेक्ट्रॉनिक डँपर दिले, पोर्शनं ९५९ मध्ये दिले. तीन ठरलेल्या जागांचं साधं-सरळ बटण हवं असेल तर २००७ ची निसान जीटी-आर बघ, कम्फर्ट, नॉर्मल आणि आर. त्या काळात लोक म्हणायचे की कम्फर्ट पण कुठं कम्फर्ट आहे, आणि ते खरंच होतं, कारण स्प्रिंगच कडक. बटण हद्दीतच फिरतं, मघाशी म्हटलं ते हेच.

प्रश्न (निपाणी): नमस्कार. माझ्या गाडीत पावसाळ्यानंतर चेसिसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी एकदम दगड झालीय. मोड बदलून काही फरक नाही. वर्कशॉपवाले म्हणाले चारी डँपर बदला, आकडा ऐकून मी खुर्चीवर बसलो. एक ओळखीचा मेकॅनिक म्हणतो साधे शॉकअप घाला आणि वायरला एक प्लग लावून दिवा गप्प करू. काय करू?

उत्तर: आधी काहीच बदलू नका. चारी डँपर एकाच दिवशी मरत नाहीत, पावसाळ्यात तर नाहीच. चाकाजवळ सस्पेन्शनच्या आर्मला एक बोटभर लांबीची दांडी असते, तिच्या टोकाला उंची मोजणारा सेन्सर. आपली लाल माती तिच्या सांध्यात बसते, सांधा गंजतो, दांडी तुटते नाहीतर निसटते, आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडीचं एक चाक आभाळात आहे. मग तो हात वर करून कंपनीनं ठरवून दिलेल्या एका सेटिंगवर डँपर सोडून देतो. सोलेनॉइडवाल्या बऱ्याच गाड्यांत ते सेटिंग कडक बाजूचं असतं, तुमचा दगड तो हाच असणार. (चुंबकी तेलवाल्याचं उलटं, तिथं करंट गेला की तेल पातळ, गाडी पाण्यावरच्या नावेसारखी.) म्हणून आधी स्कॅनर लावून कोड कुठल्या चाकाचा आहे ते लिहून घ्या, मग ती दांडी, मग कनेक्टर उघडून आत हिरवट गंज आहे का, मग वायर कुठं घासली का. एवढं झाल्यावर डँपर. डँपरवर नुसता तेलाचा ओलसर थर असला तर घाबरू नका, धार लागली असली किंवा खालपर्यंत ओघळ आला असला तर तो गेला. गेला तर एका ॲक्सलचे दोन्ही बदला, चारी कशाला.

साध्या शॉकअपबद्दल लोक नाकं मुरडतात, मी मुरडणार नाही. ब्रँडेड साधा डँपर, तुमच्या गाडीच्या वजनाला आणि स्प्रिंगला जुळणारा, मेलेल्या इलेक्ट्रॉनिक डँपरपेक्षा शंभर पटीनं बरा. पण नुसता प्लग लावून दिवा गप्प करणं एवढ्यावर थांबू नका, ती सिस्टिम कॉम्प्युटरमधनं नीट कोडिंग करून काढायला लावा, काही गाड्यांत तिचा स्टॅबिलिटी कंट्रोलशी (गाडी घसरायला लागली की सावरणाऱ्या यंत्रणेशी) संबंध असतो. आणि इन्शुरन्सवाल्यांना लिहून कळवा, नाहीतर क्लेमच्या दिवशी ते तुम्हाला कळवतील.

प्रश्न (खानापूर): स्पोर्ट मोड आहेच, वर लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी दीड इंच खाली घेतली तर हँडलिंग अजून वाढेल ना?

उत्तर: नको. खानापुरात तर नकोच. चाकाला वर जायला जागा दीड इंचानं कमी होते, मग कम्फर्टमध्ये सुद्धा खड्ड्यात डँपर रबराच्या बंपस्टॉपवर आपटतो आणि त्या क्षणी तुमची स्प्रिंग म्हणजे रबराचा ठोकळा. उंचीचे सेन्सर पण चुकीचं वाचायला लागतात, परत कॅलिब्रेट करावे लागतात. पोर्श स्वतः काही मॉडेलना इलेक्ट्रॉनिक डँपर देताना गाडी १० मिलिमीटर खाली घेते, फक्त १०, आणि त्यासाठी सगळं परत जुळवते. तुम्ही दीड इंच म्हणजे ३८ म्हणताय.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): दादा, माझे मिस्टर तुमचा कॉलम वाचून आता सगळीकडं कम्फर्टमध्येच चालवतात. पण मला घाटात कम्फर्टमध्ये गाडी लागते! स्पोर्टमध्ये हाडं दुखतात पण उलटी होत नाही. आणि आमच्या घराजवळच्या काँक्रीटच्या रस्त्यावर तर कुठल्याही मोडला टक टक टक टक चालूच, तेवढं सांगा.

उत्तर: ताई, तुम्ही मला पकडलंत. वर टिळकवाडीच्या वहिनींना मी जे सांगितलं ते दातांसाठी होतं, पोटासाठी नव्हतं, आणि दोन्हींचा हिशोब वेगळा आहे. माणसाच्या अंगाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा वरखाली होणाऱ्या धक्क्यांचा, पोट, छाती सगळं त्या तालात हलतं. पण गाडी लागते ती फार संथ हालचालीनं, पाच-पाच सेकंदाला एक हेलकावा अशा, बोटीत लागते तशी. घाटात ती संथ हालचाल सस्पेन्शन कमी आणि चालवणारा जास्त करतो. वळणाआधी ब्रेक, मग सोड, मग ॲक्सिलरेटर, मग परत ब्रेक. कम्फर्टमध्ये प्रत्येक वेळी गाडीचं नाक खाली-वर, बाजूला-मधे अंमळ मोकळेपणानं जातं, म्हणून तुमच्या पोटाला जास्त कळतं. मधला मोड असेल तर घाटापुरता तो लावा, नसेल तर स्पोर्ट लावा पण टायरची हवा बरोबर ठेवा. आणि मिस्टरांना सांगा, तुमच्या मांडीवर कुंद्याचा डबा उघडा ठेवायचा आणि तो डबा न सांडता गाडी कणकुंबीपासनं साखळीपर्यंत न्यायची. माझ्या मते कुठल्याही बटणापेक्षा हे मोठं सेटिंग आहे.

टक टकचं गणित मजेशीर आहे. काँक्रीटच्या रस्त्याला आडवे जॉइंट असतात, आपल्याकडं साधारण साडेचार मीटरवर एक. ताशी ६० ला तुम्ही सेकंदाला पावणेसतरा मीटर जाता, म्हणजे सेकंदाला पावणेचार टक. ८० ला जवळजवळ पाच. बघा, साठला काठावर आणि ऐंशीला बरोब्बर त्याच ४ ते ८ च्या पट्ट्यात येऊन बसलात, जिथं अंगाला सगळ्यात जास्त लागतं. डँपर मऊ केला तर टकचा टोकदारपणा कमी होईल, ताल राहणारच. गावात ४० नी चाला, मग अडीचवर येतो आणि अंगाला कमी जाणवतो. आणि तसंही तिथं शाळा सुटलेली असते, म्हशी असतात.

प्रश्न (संकेश्वर): उसाचा सीझन सुरू झाला, ट्रॅक्टरसाठी म्हणून प्रत्येक गावाच्या तोंडाला नवा स्पीड ब्रेकर. माझ्या गाडीचा क्लिअरन्स फक्त ११५ मिलिमीटर. कुठल्या मोडमध्ये पोट कमी घासेल?

उत्तर: नियमातला स्पीड ब्रेकर असता तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोल असतो. तुमच्या दोन चाकांत अडीच मीटर अंतर धरलं तर असला ब्रेकर गाडीच्या पोटात मधोमध साडेचार सेंटिमीटरच वर येतो, आरामात जाल. आपल्याकडं मात्र रातोरात डांबराची गोणी उलटी केल्यासारखा उंचवटा करतात, दोन वीत रुंद, त्याला काय माप.

अगदी चालीच्या स्पीडनं चढलात तर मोडनं जवळजवळ फरक पडत नाही, कारण डँपरला जोर येतो तो वेगानं हलल्यावर, आणि हळूहळू दाबलं तर मऊ काय कडक काय, सगळे तेवढेच खाली जातात. फरक पडतो तो ब्रेकनं. लोक ब्रेक दाबून धरूनच ब्रेकरवर चढतात, नाक आधीच खाली झुकलेलं, पुढची लिप, म्हणजे बंपरची खालची कड, गेलीच. आधी थांबल्यासारखं करा, ब्रेक सोडा, नाक वर आलं की मग चढा. जागा असली तर तिरके जा, एकेक चाक. फ्रंट लिफ्टचं, म्हणजे गाडीचं नाक उचलणारं बटण असेल तर ते वापरायला लाजू नका. आणि मागनं ट्रॉलीवाला हॉर्न मारत असला तर मारू दे, त्याला तुमचा बंपर बदलून द्यायचा नाहीये.

प्रश्न (हिंडलगा): कम्फर्ट आणि स्पोर्टमधला फरक नुसता वाटतो की मोजता पण येतो? घरच्या घरी काही उपाय?

उत्तर: येतो की. मोबाइलमध्ये ॲक्सिलरोमीटर (धक्के मोजणारा सेन्सर) असतोच, त्याचं आलेख काढणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या. फोन हातात किंवा होल्डरमध्ये नको, होल्डर स्वतः थरथरतो, सीटच्या रेलजवळ फ्लोअरवर दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा. वेंगुर्ला रोडला उचगाव ते बाची असा एकच पट्टा धरा, एकच स्पीड, माणसं तेवढीच, पेट्रोल साधारण तेवढंच, आणि प्रत्येक मोडमध्ये तीनदा जा, कारण एकदा खड्डा चुकवला आणि एकदा नाही चुकवला तर आकडे काहीच्या काही येतात. सकाळी लवकर करा, गार टायरला, आणि ॲप चालू-बंद करायला शेजारी कुणालातरी बसवा, स्वतः फोनकडं बघत गाडी चालवून ॲक्सिडेंट करू नका. आलेखात दोन गोष्टी बघा, उंच टोकं किती आणि प्रत्येक टोकानंतर रेघ शांत व्हायला किती वेळ लागतो. स्पोर्टमध्ये टोकं उंच आणि शांत लवकर, कम्फर्टमध्ये टोकं बुटकी आणि जरा जास्त वेळ लोळणारी, असं यायला पाहिजे. तिन्ही मोडची रेघ सारखीच आली तर वरचं निपाणीचं उत्तर परत वाचा. आकडे आले की मला पाठवा, पण पाठवताना टायरमध्ये हवा किती होती ते लिहायचं विसरू नका, ते सगळे विसरतात.